कात्रीचे कौतुक, पण धडा रक्ततपासणीचा

2 डिसेंबर 2023 रोजी बहरीनच्या आरोग्य नियामकाने ‘कॅसजेव्ही’ या सिकलसेलवरील उपचाराला परवानगी दिली. ब्रिटनने ती दोन आठवडे आधी दिली होती, अमेरिकेने सहा दिवसांनी दिली. क्रिस्पर तंत्राने रुग्णाच्याच पेशींत फेरफार करणारा हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. त्यावर अमेरिकेच्याही आधी शिक्का मारला तो जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या बेटाने. नवल वाटायला नको. सिकलसेल हे बहरीनचे घरातले दुखणे आहे.

गंमत अशी की क्रिस्परची ही जनुके कापणारी कात्री बिघडलेल्या जनुकाला हातच लावत नाही.

सिकलसेलमधला दोष एका अक्षराचा. तेवढ्याने हिमोग्लोबिनची बीटा साखळी बदलते. ऑक्सिजन कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि वेदनेचा झटका येतो. पण गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या, गॅमा जनुकापासून बनते आणि ते निर्दोष असते. नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, हे ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच नोंदवले होते. जन्मानंतर मात्र गॅमा जनुक गप्प होते. का?

जनुक वापरायचे तर पेशीला आधी त्याची आरएनए प्रत काढावी लागते. कोणत्या पेशीत, कोणत्या जनुकाच्या आणि किती प्रती निघाव्यात, हे ठरवणारी प्रथिने वेगळी असतात. गॅमाच्या प्रती बंद पाडणारे प्रथिन म्हणजे बीसीएल11ए. त्याची ही करामत 2008 मध्ये बोस्टनमधील विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवून दिली. आता हे प्रथिनच उडवून लावावे तर तेही जमत नाही, कारण मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना ते हवे असते. मग 2013 मध्ये त्याच्या जनुकातलाच एक तुकडा हाती लागला, जो केवळ तांबड्या पेशींच्या वंशात बीसीएल11एला चालना देतो. कॅसजेव्हीची कात्री नेमकी तिथे चालते. सोसायटीची मुख्य वाहिनी न तोडता एकाच घरचा कॉक बंद करावा, तसा हा प्रकार. बीसीएल11ए कमी झाले की गॅमाच्या प्रती पुन्हा निघू लागतात.

परिणाम खरोखर थक्क करणारा आहे. चाचणीत पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या 31 पैकी 29 रुग्णांना सलग बारा महिने तीव्र झटका आला नाही. किंमतही थक्क करणारी: अमेरिकेत 22 लाख डॉलर. शिवाय आधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, तिचा त्रास आणि वंध्यत्वाचा धोका वेगळाच.

महाराष्ट्राने याकडे लक्ष द्यावे, कारण नाते जवळचे आहे. बहरीन, सौदीचा पूर्व किनारा आणि भारतातील आदिवासी भाग यांत सिकलसेलचा एकच ‘अरब-भारतीय’ वाण प्रामुख्याने आढळतो. त्यात गॅमा जनुकाच्या अलीकडे एका अक्षराचा बदल असतो आणि गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही काहीसे जास्त टिकते. काहीसेच! नागपूरच्या बालरोग विभागांत झटक्याने कळवळणाऱ्या मुलांना तेवढ्याने उतार पडत नाही.

त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया आहे. ही जुनी, स्वस्त गोळीही गर्भातले हिमोग्लोबिनच वाढवते. फक्त ती रोज मिळायला हवी, आणि दुर्गम गावात घोडे तिथेच पेंड खाते.

बहरीनकडून शिकायचे ते कॅसजेव्हीच्या कितीतरी आधीचे. सलमानिया रुग्णालयात डॉ. शेखा अल अरायद यांच्या पुढाकाराने 1980च्या दशकातच जनुकीय सल्ला सुरू झाला. पुढे शाळांत तपासणी झाली. 5,685 विद्यार्थ्यांत 1.2 टक्के रुग्ण आणि 13.8 टक्के वाहक निघाले. 2004 मध्ये लग्नापूर्वीची रक्ततपासणी कायद्याने सक्तीची झाली, निर्णय मात्र जोडप्याचाच राहिला. 1980च्या दशकाच्या मध्यात नवजात बालकांमध्ये सुमारे 2 टक्के असलेला आजार 2002 पर्यंत 1 टक्क्याच्या खाली आला होता.

आपल्याकडे 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 2025 मध्ये ‘बिरसा 101’ या देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. अभिमान जरूर बाळगावा. पण नंदुरबार आणि गडचिरोलीत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हावी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया बारा महिने मिळावी, यासाठी सरकारने कात्रीची वाट पाहू नये.