प्रत्येक नखुरडे फोडावयाचे नसते

बोट ठणकू लागले, नखाशेजारी लाली चढली, की आपल्या घरांतून निदान तत्काळ होते : नखुरडे! लगोलग लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसले जाते, पोटीस बांधले जाते, आणि तरीही ठणका न थांबल्यास कोणीतरी सुई तापवून पुढे सरसावते. लिंबाविषयी आम्ही येथे वाद घालीत नाही. आमचा आक्षेप आहे तो सुईला.

कारण नखुरड्यासारखाच दिसणारा बोटाचा एक विकार पुवाचा नसतोच. तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका उठतो, तो ज्या हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे, त्याचेच हे काम. (नागीण याच कुळातली खरी, पण तिचा विषाणू निराळा.) आधी बोटाला मुंग्या येतात, आग होते, मग तांबूस कातडीवर बारीक फोड येऊन एकमेकांत मिसळतात. आतले पाणी प्रथम स्वच्छ असते, पुढे गढूळ होते आणि पुवाचा भास होतो. पुवाने बोटाचे अग्र टणक व ताठ होते. येथे ते बहुधा मऊच राहते. वेदना मात्र दिसण्याच्या मानाने फार.

असे फोड चिरल्याने निचरा होण्यासारखे काही निघत नाही. उलट जखमेत जंतू शिरतात आणि विषाणूही पसरतो. विकार बहुधा दोन ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. तोवर बोट कोरड्या पट्टीने झाकावे, ठणक्यासाठी वेदनाशामक घ्यावे. असायक्लोव्हिरच्या गोळ्या पहिल्या 48 तासांत सुरू झाल्यास दुखण्याचा काळ घटतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर विशेषच. हे औषध घडविण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते.

तोंड आलेले मूल अंगठा चोखते तेव्हा विषाणू अंगठ्यावर उतरतो. हातमोज्यांविना रुग्णाच्या तोंडात बोटे घालणाऱ्या दंतवैद्यांना व परिचारिकांनाही हा प्रसाद मिळे. फोड असलेले बोट डोळ्याला लावू नये, बुबुळाला इजा होते. आणि घरात बाळंतीण असेल, तर अशा हाताने तान्ह्याला मुळीच घेऊ नये. आजीने हट्ट धरला तरी नाही. नवजात अर्भकात हा विषाणू प्राणघातक ठरू शकतो.

बरा झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो व काहींना त्याच बोटावर पुन्हा उठतो. पूर्वी हा विकार झालेल्यांनी त्या ओळखीच्या मुंग्या जाणवताच, फोडांची वाट न पाहता, डॉक्टरांकडे जावे. ताप आला, लाली मनगटाकडे सरकू लागली, किंवा रुग्ण मधुमेही असला, तर त्याच दिवशी.