घोडा नसलेले पिस्तूल

सत्तरी तालुक्यात बंदूक ही नवलाची वस्तू नव्हे. ज्याचे कुळागर रानाला लागून आहे, ज्याची काजूची झाडे डोंगराच्या उतारावर आहेत, त्याच्या घरी कोयता, पहार आणि फावडे यांच्या जोडीला एकनळी असायची. ती बाळगणारा माणूस स्वतःला शूर समजत नसे, की तिचे फोटो काढून चारचौघांत मिरवत नसे. माकडांची टोळी माडांवर उतरली, गव्यांचा कळप भातात शिरला, की एक बार हवेत काढायचा, नळी पुसायची आणि बंदूक जागेवर ठेवून द्यायची. माझ्या वडिलांनी हेच केले. त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला, आणि मीही हेच करीत आलो आहे.

पण हल्ली वाळपईच्या बाजारात मला भेटणारे तरुण बंदुकीविषयी विचारीत नाहीत. ते विचारतात पिस्तुलाविषयी. "काका, पिस्तुलाचा परवाना काढायचा तर काय करावे लागते हो?" कशाला हवे, असे विचारले तर उत्तर एकच. "असावे एक. संरक्षणाला." आणि हवे तेही कोणते? चित्रपटात दिसते ते, काळेभोर, चौकोनी, प्लॅस्टिकच्या मुठीचे. दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या पाटावर आपल्याकडे कोयती-विळे मांडतात. तिथे आता असले पिस्तूल ठेवावे, अशी या मंडळींची मनीषा. प्रत्येकाला रस्त्यात थांबवून उत्तर देण्याचे माझे वय राहिले नाही. म्हणून सगळ्यांना मिळून एकदाच सांगतो : बाबांनो, हे वेड सोडा. हे सांगणारा बंदुकीला भिणारा शहरी माणूस नाही, बंदूक सांभाळता सांभाळता म्हातारा झालेला शेतकरी आहे.

आधी या वस्तूची नीट ओळख करून घेऊ. पॉलिमरच्या, म्हणजे कठीण प्लॅस्टिकच्या, सांगाड्याचे पिस्तूल १९७० मध्ये एका जर्मन कारखान्याने प्रथम बाजारात आणले. पण त्याची जगभर लाट आणली ती ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांनी. हा गृहस्थ पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवीत असे. त्याने त्याआधी पिस्तूल बनविलेले नव्हते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवे पिस्तूल हवे होते. ग्लॉकने ते बनविले, आणि भल्याभल्या जुन्या कारखानदारांना मागे टाकून त्याचीच निवड झाली. रिकामे असताना वजन जेमतेम सव्वासहाशे ग्रॅम, पोटात सतरा गोळ्या, गंजाची भीती कमी, सुटे भाग मोजके. यंत्र म्हणून ते उत्तम आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. आडातले पाणी गोड असेल तर शेजाऱ्याचे आहे म्हणून कडू म्हणू नये.

पण त्याची खरी खूण प्लॅस्टिक ही नव्हे. खरी खूण ही, की त्याला घोडा नाही. माझ्या एकनळीला घोडा बाहेर आहे. तो चढविलेला आहे की उतरविलेला, हे दहा वर्षांच्या पोरालाही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. बिजागरीवर नळी मोडली की काडतूस आहे की नाही तेही दिसते, आरपार उजेड दिसला म्हणजे बंदूक रिकामी. नव्या पिस्तुलात घोड्याच्या जागी आत स्प्रिंगवर बसविलेली एक टोचणी असते. तिला स्ट्रायकर म्हणतात. ती अर्धवट ताणलेल्या अवस्थेत आत दडून बसते, आणि राहिलेला ताण चाप ओढताना पुरा होतो. ग्लॉकला बाजूला बोटाने चढवायचा-उतरवायचा खटकाही नसतो. बाहेरचा खटका काय तो चापावरच बसविलेली एक छोटी पट्टी. आतल्या दोन अडसरांमुळे ते हातातून पडले तर उडू नये अशी व्यवस्था आहे, पण चाप ओढला गेला की तिन्ही कुलपे एकदम उघडतात. मग चाप बोटाने ओढला की सदऱ्याच्या टोकात अडकून ओढला गेला, की खेळणाऱ्या नातवाने ओढला, याची चौकशी यंत्र करीत नाही.

"पण काका, जगभरचे पोलीस हेच वापरतात!" असे मला ऐकवले जाते. वापरतात खरे. त्यांचा अनुभव काय, तेही ऐका. अमेरिकेच्या राजधानीतल्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या पोलिसांनी १९८८ मध्ये ग्लॉक घेतले. पुढल्या दहा वर्षांत तिथे नको असताना गोळी सुटण्याचे प्रकार १२० हून अधिक झाले, असे तिथल्याच वर्तमानपत्राने १९९८ मध्ये उघड केले. कारण पिस्तुलातला बिघाड नव्हे, तर पुरेशा सरावाविना ते हातात दिले हे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर आपल्या पिस्तुलांचे चाप मुद्दाम जड करून घेतले. जिथे अडीच किलोच्या आसपास जोर पुरत असे, तिथे सुमारे साडेपाच किलोचा जोर लागेल असे. दुसरी गोष्ट साफसफाईची. ग्लॉक खोलायचे तर आधी चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजणारा माणूस नळीच्या बुडाशी राहिलेली एक गोळी विसरतो, आणि स्वच्छतेच्या निमित्ताने आपला तळहात किंवा समोरच्याची मांडी फोडतो. ज्यांच्या देशात ही पिस्तुले घरोघरी आहेत, तिथल्या मालकांचा हा जुना अनुभव आहे.

तिसरी गोष्ट अगदी अलीकडची. सिग सावर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाचा नमुना अमेरिकन सैन्याने २०१७ मध्ये स्वीकारला. तेही घोडा नसलेलेच. त्याच वर्षी, ते ठराविक कोनात पडले तर उडू शकते असे दिसून आले, आणि कंपनीला विकलेल्या पिस्तुलांत फुकट सुधारणा करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. त्यानंतरही, चापाला बोट न लावता गोळी सुटली, असे म्हणत कितीतरी मालक न्यायालयात गेले. कंपनी दोष मान्य करीत नाही. काही दावे ती जिंकलीही. पण २०२४ मध्ये जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांतल्या ज्यूरींनी जखमी मालकांच्या बाजूने कौल देऊन लाखो डॉलरांची भरपाई ठरविली. खरे कोण, खोटे कोण हे त्यांचे ते बघोत. माझा मुद्दा एवढाच, की रोजचा सराव असलेल्या शिपायांची जिथे ही कथा, तिथे वर्षातून एकदा पेटीतून पिस्तूल काढणाऱ्या आपल्या बागायतदाराची काय व्यथा?

आता कायद्याचे बघू. चित्रपटात दिसते ते नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्या देशात सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून, नेमबाजीचे मान्यताप्राप्त खेळाडू सोडले, तर परदेशी हत्यार आयात करण्याची वाटही बंद आहे. परवाना मिळालाच तर हाती येते ते .३२ चे देशी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले, त्याची तेव्हाचीच किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. जिला रोज बसस्टॉपवर भीती वाटते, त्या मुलीने ते कोणत्या पगारातून घ्यावे, हे कोणी सांगितले नाही. आणि कोणी कानात येऊन "असली विलायती माल आहे" असे सांगत असेल, तर समजून घ्या : २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध हत्यार विनापरवाना बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षे आहे. लग्नाच्या वरातीत हौसेने निष्काळजी बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि ते संरक्षण? १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्याच रात्री, मुंबईत माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सोबत सशस्त्र पोलीस होता. मारणारा आधी चाप ओढतो. ज्याला मारायचे त्याला आपली पाळी आली हेच मुळी उशिरा कळते. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरला अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारणाऱ्याने वापरले ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. म्हणजे संरक्षणासाठी घेतलेल्या हत्यारानेच खून झाला. १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा पहाटे घराबाहेर पडण्याच्या तयारीत असताना त्यांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर हातातून निसटले आणि गोळी त्यांच्याच पायात घुसली. ते वाचले, चांगले झाले. एका वर्षातल्या या तीन घटना. एकीतही पिस्तुलाने मालकाला वाचविले नाही. पहिलीत शेजारचे कामी आले नाही, दुसरीत परक्याच्या हाती गेले, तिसरीत मालकावरच उलटले.

आपली घरे आठवा. चतुर्थीला तीस माणसे एका छपराखाली निजतात. मुंबईची, बेळगावची, कारवारची पोरे कपाटे उघडीत, फळ्या चाचपीत फिरतात. दिवाळीत त्यांच्या हातात टिकल्यांचे पिस्तूल आपणच देतो, आणि ते एकमेकांच्या कपाळाला लावून उडवायला शिकतात. त्याच आकाराची, त्याच रंगाची, जवळजवळ तितकीच हलकी दुसरी वस्तू उशीखाली ठेवून कोणता बाप सुखाने झोपेल? एकनळी चार फूट लांब. ती खिशात मावत नाही, चहाच्या टेबलावरच्या भांडणात चटकन बाहेर येत नाही, दारूच्या गुत्त्यात कमरेला लपत नाही. तिचा अवजडपणा हाच तिचा संयम आहे.

काही जण मग इतिहास काढतात. "आम्ही राण्यांच्या मुलखातले. बंदूक आमच्या रक्तात आहे!" अहो, १८५२ च्या २६ जानेवारीला दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, तो जुलमी सत्तेविरुद्ध. १८९५ ला आफ्रिकेत जायला नकार देणाऱ्या मराठा शिपायांनी बंड केले आणि दादा राणे त्यांना मिळाले, तेही कशाच्या तरी हक्कासाठी. त्यांच्या नावाने आपण कमरेला दागिना बांधावा? नाणूसचा किल्ला ढासळतो आहे. पूर्वजांचा एवढा कळवळा असेल तर सुट्टीच्या दिवशी तिथली झुडपे काढायला या.

आता माझे खरे दुखणे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम वाचा. वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी मागणाऱ्या नागरिकाला, कायद्याने अन्यथा तो अपात्र नसेल तर, परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. इतर हत्यारांसाठी मात्र मागणाऱ्याकडे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना बंदूक आणि पिस्तूल यांतला भेद पक्का ठाऊक होता. शेतकऱ्याचे अवजार हा नियम, कमरेचे हत्यार हा अपवाद. पण व्यवहारात मला जे दिसले ते उलटे. नूतनीकरणाला गेलो की माझ्यासारख्याने कचेरीच्या बाकावर दिवस काढायचा, आणि वजनदार माणसाचा कागद मात्र चहा थंड होण्याआधी सही होऊन यायचा.

निवडणूक आली की आणखी एक. कोणाची बंदूक जमा करायची हे एकेका परवानेदाराचा पूर्वेतिहास पाहून समितीने ठरवावे, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. आमच्या वाट्याला येतो तो सरसकट हुकूम. २०२४ च्या लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली, गोव्यात मतदान ७ मेला आणि निकाल ४ जूनला. काजूचा हंगाम त्यातच आला आणि गेला. माकडांना आचारसंहिता लागू नसते.

आमचे सगळेच बंदूकवाले साधू आहेत असे मी म्हणत नाही. पीकरक्षणाच्या नावाखाली रात्री बॅटरी घेऊन रानात शिरणारे आहेत. त्यांचे परवाने खुशाल रद्द करा. पण त्यांच्यामुळे बारभर आवाजावर पीक राखणाऱ्याला गुन्हेगाराच्या रांगेत बसवू नका.

तेव्हा खानापूर, चंदगड, दोडामार्ग, जोयडा, सत्तरी या रानाला लागून राहणाऱ्या माझ्या मराठी बांधवांनो, मागायचेच असेल तर हे मागा. पीकरक्षणाच्या परवान्याचे नूतनीकरण तालुक्याच्या ठिकाणी ठरल्या दिवशी व्हावे. निवडणुकीत सरसकट जमा करणे थांबावे. परवान्याच्या अटी आपल्याला वाचता येतील अशा भाषेत छापाव्यात. माझ्या परवान्यावरच्या इंग्रजीत आहेत, आणि माझ्या शेजाऱ्याने त्याखाली चाळीस वर्षे न वाचता सही केली. पोलीस प्रशिक्षण केंद्र आमच्या वाळपईतच आहे. वर्षातून एकदा तिथे परवानेदारांना हत्यार सुरक्षित ठेवण्याचे धडे द्यावेत. आणि पिस्तुलाचा परवाना मागणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कितीही मोठा असो, "कशाला हवे?" हा प्रश्न कठोरपणे विचारला जावा.

ज्याला रानातून वाट काढायची आहे त्याने बंदूक वापरावी, शेत राखावे, नळी पुसून ठेवावी. ज्याला माणसांतून वाट काढायची आहे, त्याला हत्यार लागत असेल, तर त्याने आधी आपली वाट तपासावी.