पंधरा दिवस की चौदा रात्री?

सावंतवाडीचा आठवडा बाजार मंगळवारचा. मासळीवाली या मंगळवारी "आठ दिसांनी देतंय" म्हणाली, की आपण पुढच्या मंगळवारी पिशवी घेऊन हजर. बोटांवर मोजले तर दिवस सातच होतात. आजचा मंगळवारही हिशेबात धरायचा ही आपली जुनी रीत, म्हणून आठ. त्याच रीतीने दोन आठवड्यांचे पंधरा दिवस.

इंग्रजीत या पंधरा दिवसांना 'फोर्टनाइट' म्हणतात. मुळात हा शब्द 'चौदा रात्री' असा आहे. आठवड्यालाही पूर्वी 'सेनाइट', म्हणजे सात रात्री, असा शब्द होता. तो आता मागे पडला. इंग्रजांचे पूर्वज ज्या जर्मन टोळ्यांतून आले, त्या दिवस न मोजता रात्री मोजतात, असे रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. 98 च्या सुमारास लिहून ठेवले आहे. हिशेब मोठा सोपा. एका मंगळवारपासून तिसऱ्या मंगळवारपर्यंत मध्ये चौदाच रात्री येतात, आजचा दिवस धरा वा सोडा.

आपल्या घरांना यात नवल वाटू नये. आपली तारीख मगरीबला बदलते. पहिल्या रोज्याच्या आधी पहिली तरावीह होते. गुरुवारी सूर्य मावळला की जुम्म्याची रात्र लागते. मूसा अलैहिस्सलाम यांच्या मुदतीचा उल्लेखही कुरआनात चाळीस रात्री असाच आहे.

घोटाळा होतो तो मध्यरात्री तारीख बदलणाऱ्या घड्याळाशी गाठ पडली की. दादरहून सावंतवाडीला येणारी तुतारी एक्सप्रेस 00.05 ला सुटते. गुरुवारी रात्री जेवून घराबाहेर पडणाऱ्याने तिकीट शुक्रवारचे काढायला हवे. गुरुवारचे काढले असेल, तर त्याची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली. घरातल्या दादीला विचारले असते, तर ती म्हणाली असती, "अरे, ही तर जुम्म्याची रात्र!" आणि तिकीट बरोबर निघाले असते.

इंग्रजीचे सगळेच शब्द मात्र इतके चोख नाहीत. 'कपल ऑफ डेज' म्हणजे दोन दिवस, पण बोलताना त्याचे तीन-चारही होतात. सोमवारी कोणी 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणाला, तर हा येता शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर इंग्रज आपसातही वाद घालतात. 'बायवीकली'चे तर शब्दकोशातच दोन अर्थ आहेत: आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा. आपला 'परवा'ही काही कमी नाही, तो मागचाही आणि पुढचाही. पण 'दिवसाआड' हा शब्द पाहा, त्यात शंकेला जागाच नाही.

लग्नाच्या बोलणीत असा गोंधळ झाला तर हसून सोडता येतो. औषधात नाही. सांधेवातावर मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात. या आजारात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यामुळे माणसे दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. चिठ्ठीवरचे 'वन्स वीकली' घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येतेच असे नाही, आणि इतर गोळ्या रोजच्या असल्या की हीही त्यांच्यातच जाते. अशा वेळी वार कोणता ते डॉक्टरांनाच विचारावे आणि औषधाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे: 'फक्त सोमवारी'. अब्बांना उर्दूच वाचता येत असेल, तर उर्दूत, 'सिर्फ पीर के दिन'.