श्रमशक्तीची शिरगणती

देशोदेशींच्या श्रमशक्तीच्या कोष्टकात चीन सुमारे ७७ कोटींसह पहिला, भारत सुमारे ६० कोटींसह दुसरा आणि अमेरिका सुमारे १७ कोटींसह तिसरी आहे. २०२३ मध्ये भारताची लोकसंख्या चीनहून अधिक झाली. मग ही तफावत कशाची? भारतात मुलांचे प्रमाण जास्त, हे खरे. त्याहून मोठे कारण म्हणजे या मोजणीतून गळणाऱ्या स्त्रिया.

१९६१ च्या जनगणनेत सुमारे २८ टक्के स्त्रिया कामकरी ठरल्या. १९७१ मध्ये सुमारे १२ टक्के. कोट्यवधी बायका शेत सोडून घरी बसल्या होत्या काय? खुरपे त्यांच्याच हाती होते. बदलली होती ती कामकऱ्याची व्याख्या. आजही दिवसभर पाणी आणि सरपण वाहणारी बाई सरकारी पाहणीत 'श्रमशक्तीबाहेर'च असते.

अलीकडे आकडा उलट दिशेने धावतो आहे. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. राज्यकर्ते याला रोजगारवाढ म्हणतात. परंतु त्या वर्षी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के घरच्या शेतीत वा धंद्यात बिनमजुरीच्या मदतनीस होत्या. त्यांना ना मजुरी, ना किमान वेतनाचा कायदा.

२०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारी येईल, तेव्हा बाईच्या कामाविषयी तो घरधन्याला विचारतो की बाईला, याकडे कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत लक्ष ठेवावे.