जमीन दिली, पण मिळकतीचे काय?

मोहन्यातली एन.आर.सी. कंपनी २००९ मध्ये बंद पडली. चुली फक्त इथल्या चाळींत विझल्या नाहीत. कामगार गावाकडे पाठवत ते पैसेही थांबले. कोरडवाहू शेती त्याच पगारावर तगून होती.

बाबासाहेबांनी हे दुखणे १९१८ मध्येच ओळखले होते. शेतजमिनीच्या तुकड्यांवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले की शेतीवर माणसे जास्त आणि भांडवल कमी आहे. म्हणून उपाय औद्योगिकीकरणाचा. आपण मात्र गरिबाला बियाणे आणि कर्ज देऊन मोकळे होतो.

ज्याच्याकडे तुकडाही नाही त्याचे काय? भूमिहीनांसाठी सत्याग्रह करणाऱ्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाने २००४ पासून सबळीकरण योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन. २०१८ पासून १०० टक्के अनुदान. पण दराची कमाल मर्यादा ठेवली एकरी ५ लाख आणि ८ लाख! कल्याण तालुक्यात या भावात कोण विकेल? जिथे विकतील तिथे बहुधा खडकाळ माळच पदरात पडणार. म्हणजे आमचा हक्क विकणाऱ्याच्या मर्जीवर!

म्हणून मागणी स्पष्ट हवी. कसत असलेली गायराने कसणाऱ्यांच्या नावे करा. जमिनीसोबत विहीर आणि पंप द्या. आणि तालुक्याच्या ठिकाणी कायम पगाराचे काम उभे करा. नुसता सातबारा शिजवून खाता येत नाही.

जयभीम!