घरात फायबर, आखाड्यावर रेंज नाही: स्टारलिंकची वाट बघायची का?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या या कंपनीशी असा करार करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. सुरुवातीच्या यादीत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे जिल्हे आहेत. धाराशिव म्हणजे लातूरला खेटून. त्यामुळे त्या आठवड्यात गावाकडून मला फोन सुरू झाले: "आपल्याकडं कधी येणार? डिश घ्यावी का?"

मी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारला: गावातल्या घरात नेट आहे का? बहुतेकांकडे फायबर होतं. अडचण होती ती शेतातल्या घराची. नांदेड-परभणीकडे त्याला आखाडा म्हणतात, काही भागांत कोठा. घरापासून अंतर ३००-४०० मीटर, फार तर एक किलोमीटर. म्हणजे नेट गावात येऊन पोचलंय, फक्त शेवटच्या चारशे मीटरवर अडलंय. हा प्रश्न सोडवायला उपग्रह लागत नाही. जिथे आसपास कित्येक किलोमीटर फायबरच नाही, तिथे उपग्रहाला अर्थ आहे. पण आपल्यापैकी अनेकांचा प्रश्न वेगळा आहे.

आणि तो चैनीचा प्रश्न नाही. ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. 'लातूर पॅटर्न'च्या वाटेवर असलेली, पण लातुरात खोलीचं भाडं न परवडणारी मुलं आखाड्यावरच्या शांत खोलीत बसून ऑनलाइन टेस्ट देतात. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला जाऊ नये म्हणून कॅमेरा लावायचा, तर त्यालाही नेट लागतं.

रिपीटर का फसतो?

पहिला उपाय सगळे तोच करतात: दुकानातून रिपीटर आणतात. मीही आणला होता. काकांच्या घरातल्या खिडकीत लावला. अंगणापर्यंत मस्त चालला, आखाड्यावर काहीच नाही.

कारण सोपं आहे. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं. राउटर कितीही जोरात ओरडला, तरी मोबाईलला उत्तर द्यावं लागतं आणि मोबाईलचा आवाज लहान असतो. म्हणून 'लांब रेंजचा राउटर' घेतला की फोनवर वायफायचं नाव दिसतं, पण पेज उघडत नाही. साधा रिपीटर तर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो.

त्यात आपली घरं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली अनेक गावं नव्याने वसली. पण मराठवाड्यात जुनी माळवदं आजही भरपूर आहेत. दोन फुटांच्या आसपास जाडीची दगड-मातीची भिंत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास गिळून टाकते. आखाड्यावर पत्र्याचं शेड असेल तर पत्रा सिग्नल परत फेकतो. म्हणजे राउटर एका गुहेत आणि मोबाईल दुसऱ्या डब्यात.

मग चालतं काय?

दोन्ही घरांच्या छतावर एकेक दिशादर्शक अँटेना, एकमेकांकडे तोंड करून. बाजारात याला 'आउटडोअर सीपीई' किंवा 'वायरलेस ब्रिज' म्हणतात. टॉर्चसारखं समजा. बल्ब चारी बाजूंना उजेड सांडतो, टॉर्च तोच उजेड एका दिशेला नेते. साध्या वायफायची ताकद याच पद्धतीने किती लांब जाते याचं टोकाचं उदाहरण व्हेनेझुएलातलं आहे. २००७ मध्ये एर्मानो पिएत्रोसेमोली यांच्या टीमने दोन डोंगरांमध्ये तब्बल ३८२ किलोमीटरची वायफाय लिंक जोडली होती. आपल्याला ०.४ किलोमीटर पुरे.

जोडणी अशी: घरातल्या राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल छतावरच्या पहिल्या सीपीईला. समोर आखाड्यावर दुसरा सीपीई. तिथून केबल खाली खोलीत, एका साध्या राउटरला. या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका आणि त्याचं डीएचसीपी बंद करा. नाहीतर दोन राउटर एकाच नेटवर्कवर आयपी वाटत बसतील आणि कॅमेरा कधी दिसेल, कधी नाही. सीपीईला वेगळी वायर लागत नाही, लॅन केबलमधूनच वीज जाते. मात्र सीपीईपासून राउटरपर्यंतची केबल १०० मीटरच्या आत ठेवा, आणि दोन्ही सीपीईंचे मूळ पासवर्ड बदला.

ऊस, केळी आणि मधली मोकळी जागा

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. छतावरून आखाडा डोळ्यांना दिसला म्हणजे झालं, असं वाटतं. पण रेडिओ लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. दोन अँटेनांच्या मध्ये त्यांना फुगलेल्या काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर ३०० मीटरच्या लिंकसाठी या काकडीची मधली त्रिज्या सुमारे २ मीटर असते, १ किलोमीटरसाठी सुमारे ३.६ मीटर. त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी.

आता अर्धापूर भागातला केळीचा बाग डोळ्यांसमोर आणा. केळीच्या पानात पाणी असतं आणि पाणी हा सिग्नल शोषतं. मे महिन्यात, रान रिकामं असताना लिंक जोडली तर झकास चालते. दिवाळीला ऊस आठ-दहा फूट झाला की स्पीड पडतो आणि आपण शिव्या कंपनीला घालतो. म्हणून अँटेनाची उंची आजच्या रानावर ठरवू नका, पीक सगळ्यात उंच असेल त्या महिन्यावर ठरवा. पाइप घट्ट हवा. वाऱ्याने हलला की टॉर्चचा झोतही हलतो.

कायदा काय म्हणतो?

गावात एक भीती असते: 'अँटेना लावली तर पोलीस केस होईल का?' नाही, पण मर्यादा आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्येच विनापरवाना झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये खरा बदल ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. केंद्राने एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले आणि घराबाहेरचा वापरही खुला झाला. त्यातला ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झचा भाग अशा लिंकसाठी सगळ्यात सोयीचा. तिथे अँटेनासह ४ वॅटपर्यंत ताकद चालते. सेटिंगमध्ये देश 'इंडिया'च ठेवा. जास्त ताकदीसाठी दुसरा देश निवडायचा सल्ला यूट्यूबवर मिळतो, तो नियमाबाहेरचा आहे.

सध्या चर्चा ६ गिगाहर्ट्झची आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने ५.९२५ ते ६.४२५ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना करण्याचा मसुदा काढला. वायफाय ६ई आणि ७ वाल्यांसाठी ही चांगली बातमी. पण मसुदा नीट वाचा. घरात कमी ताकद आणि घराबाहेर अतिकमी, म्हणजे २५ मिलीवॅट. ५.८ च्या मर्यादेच्या तुलनेत १६० पट कमी. थोडक्यात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला फायदा, आखाड्याला शून्य. नवा महागडा राउटर या कामासाठी घेऊ नका.

वीज: दोन्ही अर्थांनी

शेतीपंपाच्या लाइनवर सिंगल फेज कधी जाईल सांगता येत नाही. सीपीई आणि राउटर मिळून मोबाईल चार्जरइतकीच वीज खातात. त्यामुळे छोटा राउटर-यूपीएस किंवा लहान सोलर पॅनेल आणि बॅटरी पुरते.

दुसरी वीज आभाळातली. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात दरवर्षी माणसं आणि जनावरं वीज पडून दगावतात. उंच लोखंडी पाइपला अर्थिंग द्या आणि केबलवर सर्ज प्रोटेक्टर लावा. ढग दाटले की दोन्हीकडची लॅन केबल काढून ठेवा. 'सिग्नल का गेला' बघायला त्या वेळी छतावर चढू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या.

मधली सगळी जमीन तुमचीच असेल तर फायबर पुरणं हाही चांगला पर्याय आहे. काचेतून वीज वाहत नाही. फक्त ट्रॅक्टरचा नांगर कुठून फिरतो हे आधी लक्षात घ्या.

शेजाऱ्याला द्यायचं का?

लिंक चालली की शेजारच्या आखाड्यावरचे विचारतात, "आमालाबी द्या, पैसे देतो." घरगुती कनेक्शन असं विकणं कंपनीच्या अटींत बसत नाही. त्यावर कुणी काही गैर केलं तर चौकशी आधी तुमच्या दारात येते. यासाठी सरळ मार्ग आहे: डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना. वायफाय पुरवणाऱ्या छोट्या दुकानदाराला त्यात परवाना लागत नाही, नोंदणी फीही नाही. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला, की अशा दुकानदाराकडून २०० एमबीपीएसपर्यंतच्या कनेक्शनसाठी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. चार-पाच आखाडे एकत्र आले तर हा हिशोब मांडून बघण्यासारखा आहे.

सरकारी हिशोब कुठे थांबतो?

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटवर १,३९,५७९ कोटी रुपये खर्च होणार आहेत. उद्दिष्ट २.६४ लाख ग्रामपंचायती आणि मागणी येईल तशी आणखी ३.८ लाख गावं. आकडा मोठा आहे, पण मोजणी गावापाशी थांबते. शेतात राहणारं कुटुंब 'जोडलेल्या' गावातच धरलं जातं.

पुढचा टप्पा कसा गाठायचा हे महाराष्ट्रातच करून दाखवलंय. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातल्या २५ गावांमध्ये फायबर जिथे संपतं तिथून पुढे ५.८ गिगाहर्ट्झच्या लिंक टाकून नेट नेलं. प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या या टीमला २०१७ मध्ये मोझिलाचा पुरस्कार मिळाला. तंत्र तेच, जे आपण छतावर लावतोय.

त्यामुळे पुढच्या ग्रामसभेत 'स्टारलिंक कधी?' याच्याआधी हे विचारा: ग्रामपंचायतीतलं भारतनेट चालू आहे का, आणि पंचायतीच्या छतावर अँटेना लावायला जागा देणार का? तोवर घरच्या चारशे मीटरचं काम तुमच्या हातात आहे. दोन सीपीई एका स्वस्त स्मार्टफोनच्या किमतीत येतात. घेण्याआधी एकच करा. छतावर जा, आखाड्याकडे बघा, आणि मधल्या रानात यंदा काय पेरणार आहात ते घरच्यांना विचारा.