विश्लेषण : रॅम मोकळी, तरी संगणक ‘मेमरी कमी’ असे का म्हणतो?

उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी ही सगळी कामे सेवा केंद्रातील किंवा झेरॉक्सच्या दुकानातील एखाद-दुसऱ्या संगणकावरच होतात. प्रवेशाच्या दिवसांत दारात रांग लागते. अर्जाची तीन पाने भरून होतात, गुणपत्रिका स्कॅन होते आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर चौकट उमटते : संगणकात मेमरी कमी आहे, फाइल सेव्ह करून प्रोग्राम बंद करा. ब्राउझर मिटतो आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. खेड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याची परतीची गाडी चुकते ती वेगळीच. टास्क मॅनेजर उघडून पाहावे, तर रॅम बरीच मोकळी दिसते. मग मेमरी गेली कुठे? अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो ‘व्हर्च्युअल मेमरी’च्या सेटिंगवर. ती कुणीतरी बंद करून ठेवलेली असू शकते.

व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काय?

रॅम ही संगणकाची कामाची जागा. ती महाग आणि मर्यादित. म्हणून सध्या न लागणारा मजकूर डिस्कवरील एका राखीव फाइलमध्ये हलवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा, अशी सोय असते. विंडोजमध्ये तिला ‘पेजिंग फाइल’ म्हणतात. कल्पना नवी नाही. ब्रिटनमधील मँचेस्टर विद्यापीठात 1962 मध्ये सुरू झालेल्या ‘ॲटलस’ संगणकात ती प्रथम प्रत्यक्षात आली. आज विंडोज, लिनक्स, मॅक या सगळ्यांत ती या ना त्या रूपात आहे.

रॅम शिल्लक असताना ‘मेमरी संपली’ कशी?

एसटीत रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. सीट रिकामी दिसते, पण तिच्यावर कुणाचा तरी हक्क असतो. प्रोग्रामही तेच करतात. ब्राउझर किंवा स्कॅनरचे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष लागते त्यापेक्षा जास्त जागा आधीच मागून ठेवते. विंडोज ही मागणी मंजूर करते, तेव्हा ‘लागेल तेव्हा जागा नक्की देईन’ असा शब्द देते. असा एकूण किती शब्द द्यायचा याला मर्यादा असते : रॅम अधिक पेजिंग फाइल.

आता 8 जीबी रॅमच्या संगणकात पेजिंग फाइल बंद केली, तर ही मर्यादा 8 जीबीहूनही थोडी कमी राहते, कारण काही रॅम यंत्रणेसाठी आणि ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली असते. धरलेल्या पण न वापरलेल्या जागेचा हिशेबही त्यातच होतो. विंडोज माणसे नाही, रुमाल मोजते. म्हणून दोन जीबी रॅम मोकळी दिसत असतानाही नव्या मागणीला नकार मिळू शकतो. पेजिंग फाइल सुरू असती, तर न वापरलेल्या जागेचा शब्द तिच्या भरवशावर देता आला असता आणि रॅम खऱ्या कामाला आली असती.

मग ती बंद कोण करते आणि का?

‘संगणक फास्ट करा’ छापाच्या व्हिडिओंत हा सल्ला हमखास असतो. दुरुस्तीला गेलेला संगणक कधी कधी तसाच परत येतो. त्यामागे दोन समज आहेत. पहिला, डिस्क रॅमपेक्षा संथ, म्हणून पेजिंग फाइल काढली की वेग वाढेल. दुसरा, एसएसडीवर सतत लिहिले गेले की ती लवकर झिजते.

पहिल्या समजात अर्धे तथ्य आहे. जुन्या हार्ड डिस्कवर अदलाबदल वाढली की संगणक रांगतो. पण हळू चालणारा संगणक अर्ज पूर्ण करतो, मध्येच बंद पडलेला ब्राउझर करत नाही. दुसऱ्याबाबत मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी 2009 मध्येच, विंडोज 7 च्या वेळी, आकडा दिला होता : पेजिंग फाइलमध्ये एका लेखनामागे सुमारे 40 वेळा वाचन होते. म्हणजे ही फाइल एसएसडीवर ठेवणे उलट सोयीचेच.

32 जीबी रॅम असलेल्या संगणकावर ही सोय बंद ठेवूनही बहुतेक कामे निभावतात, हे खरे. पण तिथेही फायदा नगण्य आणि संगणक कोसळला तर कारण सांगणारी नोंद पुरती न मिळण्याचा धोका. चार किंवा आठ जीबीच्या संगणकावर तर हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तपासायचे कसे?

टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि त्यात ‘मेमरी’ उघडावे. तिथे ‘कमिटेड’ नावाखाली दोन आकडे असतात : दिलेला शब्द आणि त्याची मर्यादा. मर्यादा जवळपास रॅमइतकीच असेल, तर पेजिंग फाइल बंद किंवा फारच लहान आहे. पहिला आकडा दुसऱ्याला टेकत आला, की चौकट येणारच. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील सिस्टिमच्या नोंदींत ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ची 2004 क्रमांकाची नोंद सापडली, तर सर्वाधिक मेमरी धरलेल्या प्रोग्रामची नावेही तिथेच मिळतात.

दुरुस्ती काय?

‘धिस पीसी’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’. तिथे ‘परफॉर्मन्स’चे ‘सेटिंग्ज’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘व्हर्च्युअल मेमरी’समोरील ‘चेंज’. सर्वांत वरची, पेजिंग फाइलचा आकार आपोआप ठरवण्याची चौकट टिक करावी आणि संगणक रीस्टार्ट करावा. सी ड्राइव्हवर काही जीबी जागा मोकळी हवी. ती नसेल तर फाइल वाढणार कुठे?

एवढे करूनही चौकट येत असेल, तर एखादा प्रोग्राम घेतलेली जागा परत करत नसावा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘कमिट साइज’ हा रकाना लावून कोणाचा आकडा दिवसभर फुगत जातो ते पाहावे आणि त्या प्रोग्रामचे अपडेट घ्यावे. विंडोज 32 बिटचे असेल, तर साधारणपणे चार जीबीच्या वरची रॅम वापरातच येत नाही. नवी रॅम घेण्याआधी ‘सिस्टिम टाइप’ पाहून घ्यावे.

स्कॅनिंगची सवयही महत्त्वाची. ए-4 आकाराचे एक रंगीत पान 600 डीपीआयने स्कॅन केले, तर मेमरीत ते सुमारे 100 एमबी जागा घेते. तेच 200 डीपीआयने केले तर 12 एमबीच्या आत बसते. दाखल्यावरील छापील अक्षरे एवढ्यातही सहसा नीट वाचता येतात आणि संकेतस्थळाच्या मर्यादेत बसवण्यासाठी फाइल पुन्हा लहान करण्याचा खटाटोपही कमी होतो.

प्रश्न केवळ सेटिंगचा नाही

गावातील दहा घरांचे सरकारी काम एका संगणकावर चालत असेल, तर तो संगणक एका माणसाची मालमत्ता असला तरी त्याचे बंद पडणे सार्वजनिक नुकसान ठरते. अर्जाची मुदत टळली तर संगणकात मेमरी नव्हती, हे कारण कोणतेही कार्यालय ऐकत नाही. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने कोणती सेटिंग बदलली हे बिलावर दोन ओळींत लिहून द्यावे आणि ग्राहकाने ते मागून घ्यावे. मोटारसायकलच्या गॅरेजात कोणता पार्ट बदलला हे आपण विचारतोच. संगणकाबाबत मात्र ‘फास्ट करून दिला’ एवढ्यावर समाधान मानतो.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि जमल्यास आणखी एक रॅम, हा वेग वाढवण्याचा खरा मार्ग आहे. त्याला पैसे लागतात. व्हर्च्युअल मेमरी बंद करायला काहीच लागत नाही आणि म्हणूनच तो उपाय गावोगाव पसरतो. त्याची किंमत मात्र रांगेत उभा असलेला माणूस मोजतो.